ध्वनिमुद्रिकेचा संपादक : जी. एन. जोशी यांच्या कार्याचे परीक्षण

१

हिंदुस्थानी संगीत आणि मराठी भावगीत यांच्या अभ्यासात ध्वनिमुद्रिकेला पुराव्याचे स्थान प्राप्त झाले आहे. एखाद्या घराण्याच्या गायकीविषयी विधान करावयाचे झाले म्हणजे अभ्यासक मुद्रिकेचा हवाला देतो, आणि तेवढ्याने विधान सिद्ध झाले असे समजतो. मुद्रिकेकडे तो जणू शिलालेख म्हणून पाहतो. परंतु शिलालेखाचा अभ्यासक लेख कोणी कोरविला, कोणत्या हेतूने कोरविला आणि दगड केवढा होता हे प्रथम विचारतो. मुद्रिकेच्या बाबतीत हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. गायक ठाऊक असतो, राग ठाऊक असतो, कधीकधी साथीदारांची नावेही ठाऊक असतात. पण तो राग त्या दिवशी त्या गायकाकडून तेवढ्याच वेळात कोणी गाऊन घेतला, याची नोंद जुन्या तबकडीच्या लेबलावर सहसा आढळत नाही.

ही नोंद ज्याच्या नावे व्हावयास हवी, त्याला ध्वनिमुद्रिकेचा निर्माता म्हणतात. मराठीत 'निर्माता' या शब्दाने थोडा घोटाळा होतो. चित्रपटाच्या क्षेत्रात निर्माता म्हणजे भांडवल उभारणारा. नभोवाणीवर निर्माता म्हणजे कार्यक्रमाची आखणी करणारा अधिकारी. ध्वनिमुद्रिकेच्या निर्मात्याचे काम या दोहोंहून निराळे आहे. कलावंताची निवड करणे, त्याने काय गावे हे त्याच्याशी बोलून ठरविणे, गाणे तबकडीच्या कालमर्यादेत बसविणे, कलावंत आणि साथीदार यांना मायक्रोफोनपुढे योग्य अंतरावर बसविणे, अनेक प्रयत्नांतून एक प्रयत्न पसंत करणे, आणि शेवटी कंपनीला ती मुद्रिका बाजारात आणावयास राजी करणे, इतकी कामे त्याच्याकडे असतात. साहित्याच्या व्यवहारात यांपैकी बहुतेक कामे संपादक करतो. म्हणून या माणसाला 'ध्वनिमुद्रिकेचा संपादक' म्हणणे अधिक अन्वर्थक होईल.

असा संपादक आणि त्याचे संपादन यांचा विचार केल्यावाचून मुद्रिकेचा पुरावा म्हणून उपयोग करणे धोक्याचे आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्यासाठी जी. एन. जोशी यांचे कार्य उदाहरण म्हणून घेतले आहे. महाराष्ट्रात या व्यवसायाला कलेचा दर्जा मिळवून देणाऱ्यांत ते अग्रगण्य होते, आणि भावगीत, ख्याल व वाद्यसंगीत या तिन्ही प्रांतांत त्यांच्या संपादनाच्या खुणा स्पष्टपणे दाखविता येतात.

२

जोशी यांचा जन्म १९०९ सालचा, वऱ्हाडातला. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण मुळात गायक होता. १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेला स्वतः चाल लावली, ती स्वतः गायिली, आणि ती तबकडी महाराष्ट्रभर गाजली. मराठी भावगीताचा आरंभ ज्या मोजक्या मुद्रिकांपासून धरला जातो, तींत तिची गणना होते. १९३८ साली ते हिज मास्टर्स व्हॉइस या नावाने मुद्रिका काढणाऱ्या ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या कामावर रुजू झाले, आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ मुंबईत त्यांनी हेच काम केले. या काळातील आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या मराठी पुस्तकात लिहिल्या; 'डाउन मेलडी लेन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९८४ मध्ये ओरिएंट लाँगमनने प्रसिद्ध केले. १९९४ साली त्यांचे निधन झाले.

या चरित्रातील एक गोष्ट त्यांच्या पुढील कार्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते. जोशी मायक्रोफोनच्या पलीकडच्या बाजूने या व्यवसायात आले. भारतात १९०२ साली ध्वनिमुद्रण सुरू करणाऱ्या फ्रेड गैसबर्गला येथील भाषा अवगत नव्हती आणि राग ठाऊक नव्हता. कलकत्त्यास गौहरजानचे गाणे त्याने मुद्रित केले, तेव्हा आवाज मेणात स्वच्छ उमटला की नाही, एवढेच तो पारखू शकत होता. आपण ध्वनीचे छायाचित्र घेतो, अशीच त्याची भूमिका होती. छायाचित्रकाराने समोरच्या माणसाला हसू नको की रडू नको असे सांगावयाचे नसते. उलट, लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे काम करणारा वॉल्टर लेग हा, मुद्रिका ही मैफलीहून अधिक निर्दोष कृती व्हावी, असे मानणारा होता. त्यासाठी तो कलावंताला पुनःपुन्हा गावयास लावी.

जोशी या दोन टोकांच्या मध्ये उभे आहेत. गायक असल्यामुळे कोणती तान जमली आणि कोणती निसटली हे त्यांना कळत होते, आणि म्हणून गैसबर्गची तटस्थता त्यांना शक्य नव्हती. परंतु समोर बसलेला उस्ताद वयाने आणि विद्येने वडील. त्याला 'पुन्हा गा' म्हणण्याचा लेगचा अधिकार आपल्या समाजात कोणत्याही अधिकाऱ्याला नव्हता. तेव्हा आग्रह, आर्जव आणि योग्य वेळेची वाट पाहणे, हीच त्यांची साधने राहिली. त्यांच्या आठवणी वाचताना ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापेक्षा माणसांना राजी करण्याच्या हकिकतींनी अधिक जागा व्यापलेली दिसते, याचे कारण येथे आहे.

३

मराठी विभागातील अभ्यासकाला पहिला प्रश्न भावगीताविषयी पडावयास हवा. भावगीत हा काव्यप्रकार की संगीतप्रकार, या वादात दोन्ही पक्षांनी एका तिसऱ्या घटकाकडे दुर्लक्ष केले आहे. तो घटक म्हणजे दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी. तिच्या एका बाजूवर सुमारे सव्वातीन मिनिटे मावत. म्हणजे गाणाऱ्याच्या हाती सुमारे दोनशे सेकंद येत. त्यांतील पंधरा-वीस सेकंद आरंभीच्या वाद्यवादनाला आणि तितकीच कडव्यांमधल्या जागांना गेली, तर शब्दांसाठी एकशे साठ-सत्तर सेकंद उरतात. ध्रुवपद दोनदा म्हटले आणि प्रत्येक कडव्यानंतर ते परत आणले, की मध्यम लयीत तीन कडव्यांपलीकडे जाता येत नाही. तेव्हा तीन कडव्यांचे गीत हा भावगीताचा ठरीव आकार झाला. पुष्कळ अभ्यासक हा आकार भावकाव्याच्या प्रकृतीतून उद्भवला असे मानतात. प्रकृतीचा वाटा त्यात नाही असे नव्हे, पण तबकडीच्या व्यासाचा वाटाही मोजला पाहिजे.

कालमर्यादेइतकाच मायक्रोफोनचा परिणाम झाला. १९२५ नंतर विद्युत्-ध्वनिमुद्रणाची पद्धत आली. त्यापूर्वी गायकाला कर्ण्यात मोठ्याने गावे लागे, आणि नाटकगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाजच तेथे टिकत असे. मायक्रोफोनमुळे हलक्या आवाजात, जवळच्या माणसाशी बोलल्यासारखे गाणे प्रथमच मुद्रित होऊ लागले. नाट्यपद आणि भावगीत यांत जो फरक जाणवतो, तो चालीइतकाच या आवाजाच्या अंतराचा आहे. रविकिरण मंडळातील यशवंत, गिरीश यांच्या काव्यगायनाशी तुलना केली म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो. काव्यगायनात कवी श्रोत्यांपुढे स्वतः उभा असे, कविता पुरी म्हटली जाई, आणि चाल शब्दांना वाहून नेण्यापुरती असे. तबकडीवर कवी अदृश्य झाला, गायक पुढे आला, आणि कवितेची कडवी निवडली जाऊ लागली.

'शीळ' या कवितेच्या बाबतीत या बदलाचा कालक्रम लक्षणीय आहे. ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ' हा संग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे तबकडी पुढे आणि ग्रंथ मागे, आणि दोहोंमधले अंतर सुमारे दोन दशकांचे. मेहकरसारख्या गावी राहणाऱ्या या कवीचे शब्द महाराष्ट्राने प्रथम कानांनी वाचले. संग्रह हाती आला तेव्हा वाचकाच्या मनात ती कविता चालीसकट आधीच वसलेली होती. अशा कवितेचे रसग्रहण करताना चाल बाजूला ठेवून केवळ छापील शब्दांविषयी बोलणे कितपत शक्य आहे, हा मराठी समीक्षेने अद्याप नीट न हाताळलेला प्रश्न आहे.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. ध्रुवपद, समान मात्रांची कडवी, सुबोध प्रतिमा आणि एकच भाव असलेली कविता तबकडीला सोयीची. दीर्घ कविता, मुक्तछंद, किंवा मर्ढेकरांनंतरचे विसंवादी शब्दकळेचे नवकाव्य गैरसोयीचे. मराठी कवितेत १९४५ नंतर जी फूट पडली, तिच्या एका बाजूला गाता येणारी कविता आणि दुसऱ्या बाजूला वाचावयाची कविता उभी राहिली. ही फूट तबकडीने निर्माण केली असे म्हणणे अतिरेकाचे होईल. मात्र तिने ती रुंद केली. भावगीतगायक म्हणून नाव मिळविलेला माणूसच निवड करण्याच्या जागी बसला, तेव्हा निवडीचा कल कोणीकडे झुकला असेल हे उघड आहे.

४

ख्यालाच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होता. भावगीत तबकडीबरोबरच वाढले. ख्याल तिच्या कितीतरी आधी पूर्णत्वास पोहोचलेला होता. विलंबित लयीत रागाचा एकेक स्वर उलगडत नेणारी ही रचना सव्वातीन मिनिटांत कशी मांडावी? जुन्या तबकड्यांवर गायकांनी त्याची दोन उत्तरे दिली. काहींनी विलंबित सोडून दिले आणि मध्य अथवा द्रुत लयीतील बंदिश निवडून तानांची आतषबाजी केली. अब्दुल करीम खाँसारख्या थोड्यांनी मोजक्या स्वरसमूहांत रागाचे सार ओतले. १९३० नंतरच्या दशकात ओडियनने काढलेल्या त्यांच्या मुद्रिका या दुसऱ्या मार्गाच्या साक्षी आहेत. परंतु कोणत्याही मार्गाने गेले तरी ख्यालाचा विस्तार, म्हणजे ज्यासाठी तो ख्याल, तो तबकडीबाहेरच राहिला. जुन्या मुद्रिकांवरून 'पूर्वीचे गायक विस्तार थोडा करीत' असा निष्कर्ष काढणारे अभ्यासक दगडाच्या आकारावरून राजाची उंची ठरवितात.

दोन तांत्रिक बदलांनी ही कोंडी फोडली. चुंबकीय फीत आल्यावर मेणाच्या तबकडीवर थेट कोरण्याची गरज उरली नाही. चूक झाली तर सगळे मेण वाया जाण्याचे भय गेले. त्यापाठोपाठ मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादी तबकडी, म्हणजे एल. पी., अमेरिकेत १९४८ साली आली आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस भारतातही रुळू लागली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावत. ख्यालाला प्रथमच श्वास घेण्यापुरती जागा मिळाली.

या जागेचा उपयोग कसा करावा, हा संपादकाचा प्रश्न होता. जोशी यांच्या कारकीर्दीत, १९६० साली, निघालेली अमीर खाँ यांची एल. पी. हे त्याचे सर्वांत विचारार्ह उत्तर आहे. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. प्रत्येकात झुमरा तालातील अतिविलंबित ख्याल आणि त्यानंतर द्रुत. संपूर्ण तबकडीवर दोनच राग ठेवणे हा निर्णय व्यापाराच्या दृष्टीने धाडसाचा होता. सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांना सरावलेल्या ग्राहकाला एका बाजूवर चार-पाच निरनिराळी गाणी अधिक फायद्याची वाटली असती. अमीर खाँ यांची गायकी तर लोकरंजनापासून दूर, अंतर्मुख, शब्दांनाही फारसे महत्त्व न देणारी. तिला वीस मिनिटे सलग देणे म्हणजे तिच्या प्रकृतीचा मान राखणे होते.

तथापि या मुद्रिकेचेही संपादन झालेले आहे, हे विसरता कामा नये. मैफलीत अमीर खाँ यांचा विलंबित ख्याल वीस मिनिटांत आटोपत नसे. चौदा मात्रांच्या झुमऱ्याचे एकेक आवर्तन त्यांच्या लयीत इतके लांबते की वीस मिनिटांत मोजकीच आवर्तने बसतात; त्यांतच आलाप, सरगम आणि ताना यांची वाटणी करावी लागते आणि द्रुतासाठी जागा राखावी लागते. परिणामी मारव्यात षड्जाला दीर्घकाळ टाळत जाण्याचा जो ताण आहे, तो येथे अधिक घट्ट झालेला जाणवतो. मैफलीत श्रोता ज्या ताणात हळूहळू शिरतो, त्यात मुद्रिकेचा श्रोता पहिल्या दोन मिनिटांतच ओढला जातो. मर्यादेने येथे कलेचा लाभ झाला असे म्हणता येईल. परंतु हा लाभ अमीर खाँ यांच्या नेहमीच्या बढतीचे स्वरूप म्हणून शिकवू लागले म्हणजे हानी सुरू होते. पुढच्या पिढ्यांतील पुष्कळ विद्यार्थी या मुद्रिकेवरूनच मारवा शिकले, आणि त्यातील अनुपात त्यांनी त्या गायकीचा अनुपात म्हणून स्वीकारला. संपादित प्रत हीच मूळ संहिता समजली गेली.

५

पहिल्या दोन उदाहरणांत मुद्रिकेच्या बाहेर काहीतरी आधी अस्तित्वात होते : एकात कविता, दुसऱ्यात मैफल. 'कॉल ऑफ द व्हॅली' या १९६७-६८ च्या सुमारास निघालेल्या एल. पी.च्या बाबतीत तसे नाही. ही कृती मुद्रिका म्हणूनच कल्पिली गेली आणि मुद्रिकेबाहेर तिला अस्तित्व नव्हते. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला, निर्माते जोशी. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या क्रमाने उभा करावयाचा, ही तिची कल्पना. अहीर भैरव आणि नट भैरव, त्यानंतर पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी असा तिचा प्रवास आहे.

येथे जोशी यांचे कार्य संपादनाच्या पलीकडे जाऊन रचनेच्या क्षेत्रात शिरते. तिघेही वादक त्यावेळी तिशीच्या आसपासचे होते. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातील वाद्य. त्यावर मींड घेता येत नाही म्हणून रागसंगीतात ते बसणार नाही, असे जाणते लोक म्हणत. गिटार तर परदेशी. बासरीला पन्नालाल घोष यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली होती, पण ते १९६० साली निवर्तले होते. अशी स्थान न मिळालेली वाद्ये एकत्र आणण्यात एक संपादकीय चातुर्य होते. ज्या वाद्यांना मैफलीची जुनी शिस्त लागू नव्हती, त्यांच्यावर नवी मांडणी लादता येत होती. कोणत्याही प्रस्थापित सतारियाला दोन मिनिटे वाजवून थांबावयास सांगणे अवघड गेले असते.

हिची तुलना पाश्चात्त्य मुद्रिका-व्यवसायातील जॉन कलशॉ याच्या कार्याशी करता येईल. १९५८ ते १९६५ या काळात डेका कंपनीसाठी वाग्नरची 'रिंग' ही नाट्यचतुष्टयी मुद्रित करताना कलशॉने केवळ कानांसाठी असलेले एक रंगमंच उभारले. मुद्रिका ही प्रयोगाची नक्कल न राहता स्वतंत्र कलामाध्यम होऊ शकते, ही श्रद्धा दोघांत समान आहे.

परंतु गुणांबरोबर दोषांचाही विचार झाला पाहिजे. रागांच्या समयचक्राची कल्पना आपल्या परंपरेत जुनी आहे. ती एका दिवसाच्या सूत्रात ओवणे औचित्यपूर्ण आहे. या सूत्रामुळे रागाला मात्र चित्राचे काम करावे लागते. अहीर भैरव म्हणजे पहाट, पिलू म्हणजे दुपार, असे समीकरण एकदा मनात बसले की श्रोता रागाच्या चलनाकडे लक्ष देण्याऐवजी दृश्ये पाहू लागतो. शिवाय मेंढपाळाची कथा स्वरांतून कळत नाही, ती वेष्टनावरच्या मजकुरातून कळते; मजकूर काढून घेतला तर हेच स्वर दुसऱ्या कोणत्याही कथेला शोभतील. वाद्यांचा परस्परसंवाद सुरेख असला तरी बराचसा पूर्वनियोजित आहे, आणि ज्याला बढत म्हणतात तिला फारसा अवसर नाही. देशात आणि परदेशात असंख्य श्रोत्यांना हिंदुस्थानी संगीताची पहिली ओळख या मुद्रिकेने करून दिली, ही तिची थोर कामगिरी. मात्र तिच्या यशाने पुढे 'वातावरणनिर्मिती करणारे संगीत' या नावाखाली जे दुबळे अनुकरण झाले, त्याची बीजेही तिच्यातच होती.

६

संपादक स्वतंत्र नसतो. त्याच्यामागे प्रकाशक असतो. जोशी ज्या कंपनीत होते तिची मातृसंस्था १९३१ साली कोलंबिया कंपनीशी एकत्र येऊन ई. एम. आय. झाली होती, आणि १९७० च्या सुमारास पॉलिडॉर पुढे येईपर्यंत भारतीय बाजारात तिला तुल्यबळ प्रतिस्पर्धी क्वचितच होता. अशा स्थितीत काय मुद्रित व्हावे याचा निर्णय व्यवहारतः काय टिकावे याचाच निर्णय ठरतो.

ज्यांना तबकडीच्या आकारात बसता आले नाही, त्यांची यादी लांब आहे. पूर्वरंग-उत्तररंगासह दोन-तीन तास चालणारे कीर्तन, रात्रभर चालणारा तमाशातील वग, जात्यावर एकीमागून एक येणाऱ्या ओव्या, यांतले तुकडे मुद्रित झाले. रचना मुद्रित झाली नाही. लावणी टिकली, कारण ती तीन मिनिटांत उभी राहू शकत होती. तिच्याभोवतीचा खेळ बाहेर राहिला. दुसऱ्या बाजूने, काही कलावंतांनीच तबकडीकडे पाठ फिरविली. केसरबाई केरकर यांच्या मुद्रिका त्यांच्या थोरवीच्या मानाने अल्प आहेत, आणि त्यामागे त्यांची स्वतःची नाखुशी हे एक कारण होते. आपले गाणे कोठेही, कोणीही, कसेही ऐकावे हे त्यांना रुचत नव्हते. अशा कलावंताला राजी करणे ही निर्मात्याची कसोटी, आणि त्याला राजी करू न शकणे ही संगीतेतिहासातील कायमची रिकामी जागा.

मौनाचा हा इतिहास जोशींच्या नावावर दोष म्हणून मांडणे अन्यायाचे होईल. कंपनी विक्री पाहणार, यंत्र वेळ पाहणार. त्यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाने जे वाचविले ते पुष्कळ आहे. परंतु अभ्यासकाने उपलब्ध मुद्रिकांच्या समूहाला संगीताचा इतिहास समजू नये, एवढे मात्र यातून निष्पन्न होते.

७

निर्मात्याच्या समोर कलावंत असतो, पण त्याच्या मनात श्रोता असतो. हा श्रोता कोण, याचा विचार मुंबईच्या विस्ताराकडे पाहिल्यावाचून पुरा होत नाही. मुंबईतील संगीताच्या बैठकी दीर्घकाळ गिरगाव, दादर अशा भागांत एकवटलेल्या होत्या. शहर मात्र उत्तरेकडे सरकत होते. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून सुमारे ३६ किलोमीटर दूर असलेल्या दहिसरला राहणाऱ्या माणसाला गिरगावातील बैठक म्हणजे जाण्यायेण्याचे तीन तास. आणि भैरवीपर्यंत थांबावयाचे तर शेवटची गाडी चुकवावयाची. अशा घरातील माणूस रसिक असला तरी मैफलीचा श्रोता होऊ शकत नव्हता. त्याच्यासाठी संगीत म्हणजे तबकडी, आणि तबकडी विकत घेण्याची ऐपत नसेल तर आकाशवाणीवरून वाजणारी तबकडी. १९५७ सालीच विविध भारती सुरू झाली, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

मैफलीतल्या श्रोत्याच्या माना डोलतात, 'वाहवा' निघते, आणि गायक त्यावरून आपला मार्ग बदलतो. दहिसरच्या घरातली दाद स्टुडिओत पोहोचत नाही. तेथे गायकापुढे काचेपलीकडे बसलेला एकच माणूस असतो. त्याला न दिसणाऱ्या सहस्रावधी घरांच्या वतीने दाद द्यावी लागते आणि नापसंतीही कळवावी लागते. जोशींची गायक म्हणून झालेली जडणघडण या ठिकाणी सर्वांत उपयोगी पडली असावी. काचेपलीकडची मान जाणकाराची आहे असा विश्वास वाटल्याशिवाय अमीर खाँसारखा कलावंत मायक्रोफोनपुढे डोळे मिटून गाऊ शकत नाही. तंत्रज्ञाला आवाज कळतो, व्यापाऱ्याला खप कळतो; समेवर मान हलविणारा माणूस निराळा असतो.

८

या विवेचनावरून अभ्यासपद्धतीविषयी काही गोष्टी सुचतात. कोणतीही मुद्रिका पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी तिला चार प्रश्न विचारावेत. ती कोणत्या प्रकारच्या तबकडीसाठी गायिली गेली, म्हणजे गायकाच्या हाती किती वेळ होता? ती मेणावर थेट कोरली गेली की फितीवर, म्हणजे दुरुस्तीला वाव होता काय? राग, बंदिश अथवा कविता कोणी निवडली आणि काय गाळले? आणि ती कोणत्या श्रोत्यासाठी काढली गेली? मुद्रिकांच्या सूचींत गायक, राग आणि क्रमांक यांबरोबर निर्मात्याच्या नावाचा रकाना असावयास हवा. जेथे नाव सापडत नाही तेथे रकाना रिकामा ठेवावा, पण तो असावा. मराठीच्या अभ्यासकांना याहून जवळचे एक काम करता येईल : ज्या कविता तबकडीवर गायिल्या गेल्या, त्यांचा मुद्रित पाठ आणि गायिलेला पाठ शेजारी ठेवून, कोणती कडवी गळली आणि अर्थात काय फरक पडला, हे नोंदविणे. पाठचिकित्सेची साधने संत-वाङ्मयासाठी आपल्याकडे तयार आहेत. ती विसाव्या शतकातील गीतांना लावावयास काहीच प्रत्यवाय नाही.

जोशी यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. त्यांना केवळ कंपनीचा अधिकारी समजले तर अमीर खाँ यांच्या एल. पी.सारख्या निर्णयांमागची विवेकबुद्धी हिशेबातून सुटते. त्यांना सहकलावंत समजून सर्व श्रेय दिले तर ज्यांनी जन्मभर रियाज केला त्यांच्यावर अन्याय होतो, आणि ज्या निवडीमुळे काही गोष्टी कायमच्या बाहेर राहिल्या त्या निवडीची जबाबदारीही झाकली जाते. संपादक या शब्दात श्रेय आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी येतात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींचा विचार करणारा अभ्यासक एकनाथांच्या पाठशुद्धीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाही. गेल्या शतकातील संगीत ज्यांच्या हातून पुढच्या पिढ्यांकडे आले, त्यांच्या पाठशुद्धीची आणि पाठभेदांची दखल घेण्याचे काम अजून व्हावयाचे आहे, आणि जोशी यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी हे त्या कामाचे एक उपलब्ध साधन आहे.